आवाज दाबला म्हणजे इंजिन सुधारलं?

मंडळी, या शनिवारी कोड, सर्व्हर, अप्रेझल वगैरे काही नाही. आज ट्रकवर लिहितोय. आणि थोडा चिडूनच लिहितोय.

झालं असं की गेल्या डिसेंबरात सुट्टी टाकून अमरावतीला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ (माझ्यापेक्षा मोठा, म्हणून दादा) टाटाचा एक जुना सहाचाकी ट्रक चालवतो. जाताना वरुड-मोर्शीकडचा संत्रा, येताना अकोल्याहून सरकीची ढेप. पोरांच्या फिया आणि घराचा हप्ता, दोन्ही त्या सहा चाकांवर. म्हटलं चला, एक फेरी आपणही मारू.

बडनेरा मागे पडलं, इंजिन चांगलं तापलं आणि खालून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जास्तच. समोर पाहिलं तर ऑइल प्रेशरचा काटा झीरोवर.

"दादा, हा काटा?"

"तो तीन सालापासून असाच हाय. तू काऊन टेन्शन घेऊन रायला बे? गाडी चालून रायली ना?"

मूर्तिजापूरला थांबलो. तिथल्या मिस्त्रीने बॉनेटही न उघडता निदान केलं: "ऑइल पातळ झालं. घट्टवालं टाका, वरून ही एक बाटली टाका. आवाज गायब." अकोल्यात दुसरा भेटला. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "इंजिन गेलं. फुल बांधून घ्या." म्हणजे पिस्टन, लायनर, क्रँक, सगळं. दादाचा चेहरा उतरला. आणि मी हे सगळं मित्रांच्या ग्रुपवर टाकलं तर पुण्याहून उत्तर काय आलं? "भारी यार! आपले मिस्त्री नुसत्या कानाने ओळखतात. खरा भारतीय जुगाड!"

माझं भांडण या तिघांशीही आहे. एकाला आवाज दाबायचा होता, दुसऱ्याला सगळं बदलायचं होतं, तिसऱ्याला एसीत बसून टाळ्या वाजवायच्या होत्या. मोजायचं मात्र कुणालाच नव्हतं.

जरा मुळातून पाहू. या ट्रकमध्ये टाटाचं ६९७ इंजिन आहे. नाव सरळ आहे: सहा सिलिंडर, बोअर ९७ मिलिमीटर. मूळ घराणं मर्सिडीजचं, कारण टाटा आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ पासून होता. असलं इंजिन लाखो किलोमीटर पळतं, पण एका अटीवर: फिरणाऱ्या क्रँकच्या आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा पातळ पदर कायम हवा. तो पदर गेला की लोखंड थेट बेअरिंगवर आपटतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पंप प्रेशर तयार करत नाही, पंप ऑइल ढकलतो. पुढच्या बारीक फटींतून ते अडत-अडत जातं म्हणून प्रेशर तयार होतं. बेअरिंग झिजलं, फट वाढली, की प्रेशर पडतं. घट्ट ऑइल टाकलं तर ते जास्त अडतं, काटा वर चढतो आणि आवाजही मऊ होतो. पण फट तेवढीच राहते! उलट थंडीत पहाटे स्टार्टर मारला की घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. म्हणजे आजाऱ्याला झोपेची गोळी देऊन ताप उतरला असं सांगण्यातली गत.

पण म्हणून लगेच इंजिन गेलं असंही नाही. ठोका अनेक प्रकारचा असतो. थंड असताना वाजतो आणि तापल्यावर कमी होतो तो बहुधा पिस्टनचा. हलकी टिकटिक टॅपेटची. नोझल खराब किंवा पंपाचं टायमिंग पुढे गेलेलं असेल तर डिझेलच ठोकतं, बेअरिंगचा काही संबंध नसतो. तापल्यावर वाढतो तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका सिलिंडरचा डिझेल पाइप जरा ढिला करून बघता येतं: ज्या सिलिंडरला आवाज बदलला, दुखणं तिथे. (नव्या कॉमन रेल गाडीत हा प्रयोग चुकूनही करू नका. तिथे डिझेलचं प्रेशर हजार बारच्या वर जातं, धार कातडीत घुसते.)

काट्याचंही तसंच. काटा झीरोवर म्हणजे प्रेशर झीरो, असं नाही. सेन्सर मेलेला असू शकतो, वायर तुटलेली असू शकते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण पॅनेलवरचा दिवा विझलेला होता. कारण तो दिवा व्हॉल्व्ह बंद झाला हे दाखवतच नव्हता, बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि अणुभट्टीचा गाभा वितळला. म्हणून दुसऱ्या मापाने खात्री करायची असते.

आम्ही तेच केलं. अकोल्यातच तिसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. वयस्कर माणूस, बोलणं कमी. त्याने आधी डिपस्टिक काढून ऑइल बोटावर चोळलं आणि हुंगलं, कारण डिझेल मिसळलं तरी ऑइल पातळ होतं. मग सेन्सर काढला आणि त्या जागी नळीवाला साधा मेकॅनिकल गेज लावला. त्याची किंमत आपल्या एका वीकेंडच्या पिझ्झ्याहून जास्त नसेल. थंड इंजिनला साडेतीन किलो. अर्ध्या तासाने, तापल्यावर, आयडलला अर्धा किलोसुद्धा नाही.

म्हणजे काटा मेलेला होताच, पण प्रेशरही खरंच पडलेलं होतं. थंडीत भरपूर आणि तापल्यावर गायब, म्हणजे पंपापेक्षा फटीवर संशय जास्त. मग ऑइल फिल्टर कापला. घडीत तांबूस चमचम! बेअरिंगच्या मऊ थराखाली तांब्याचा थर असतो, तिथपर्यंत झीज पोचली होती. चेंबर खाली उतरवला. पाचव्या नंबरच्या रॉडचं बेअरिंग गेलं होतं, बाकीची त्याच वाटेवर. क्रँक मात्र मायक्रोमीटरने मोजला तर मापात होता. पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासले, जाळी साफ केली, बेअरिंगचा सेट बदलला. पिस्टन, लायनर, कशालाही हात लावला नाही. तीन दिवस गाडी उभी राहिली, तीन फेऱ्या बुडाल्या. पण तसाच आणखी चालला असता तर आधी क्रँक गेला असता आणि मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता.

हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. ज्या अमरावती-अकोला रस्त्यावर आम्ही होतो, तिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एकेरी डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. रस्ता टाकताना मिनिटं मोजली! आणि त्याच रस्त्यावर काटा मेलेला ट्रक तीन वर्षं पळतो. रात्री दोन वाजता अशा हायवेवर इंजिन जाम होऊन भरलेला ट्रक लेनमध्येच उभा राहिला, तर मागून येणाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्या मागून येणाऱ्या गाडीत तुम्ही-आम्हीच असतो, दिवाळीला गावी निघालेले.

आता जुगाडाच्या भक्तांसाठी. त्या तिसऱ्या मिस्त्रीलाही कान होता बरं का! स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून त्याने गेजच्या आधीच "पाच नंबर" म्हटलं होतं. पण तेवढ्यावर त्याने दादाच्या खिशात हात घातला नाही. म्हणाला, "कानानं संशय येते भाऊ. खात्री मापानंच होते." आपण कौतुक करतो ते अर्ध्याच वाक्याचं, पहिल्या.

आणि आपण तरी काय वेगळे? रात्री अलर्ट वाजतो म्हणून म्यूट करणारे आपणच. सर्व्हर हळू झाला की न बघता मेमरी वाढवणारे (घट्ट ऑइल!) आणि न बघता "सगळं नव्याने लिहू" म्हणणारेही आपणच. मीसुद्धा. दोन महिन्यांपूर्वी दादाने फोनवर या आवाजाबद्दल विचारलं होतं, तेव्हा "सीझन होऊ दे रे, मग बघ" असं सांगणारा दीडशहाणा मीच होतो.

आता दादाच्या डॅशबोर्डवर तो साधा गेज कायमचा बसवलाय. परवा फोन आला, "गरम इंजनवर आयडलले सव्वा किलो हाय, तुह्या ग्रुपवर टाकून दे."

टाकला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असो. दादाने आकडा सांगितला हे मला पुरेसं आहे.