गोधडीच्या दशा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची गाठोडी खाली येतात आणि त्यांतून जुनी लुगडी निघतात. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. निगडीच्या एका वाचक भगिनींचे पत्र असल्याच गाठोड्यातून निघाले आहे. सासूबाई गेल्या, त्यांची दोन नऊवारी मागे राहिली. लेकीला मार्गशीर्षात बाळ व्हायचे आहे, म्हणून एका लुगड्याचे त्यांनी हौसेने दुपटे शिवले. पण जिथे तिथे दशा निघताहेत. ओढल्या तर कापड चुण्या धरते, कापल्या तर दुसऱ्या दिवशी नव्या हजर! शेजारीण म्हणते, ‘अहो, गोधडीच ती, तिला दशा असायच्याच.’

मोठ्या माणसाच्या गोधडीपुरते शेजारीणबाईंचे म्हणणे मी मान्य करीन. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मात्र मुळीच नाही. बाळ पाय झाडते, एखादी सुटी दशी बोटाभोवती गुंडाळली जाते आणि पाय हलतील तसतसा फास आवळतो. बोट सुजते, लाल होते, त्यात रक्त नीट खेळत नाही. लांब केसानेही असेच होते. डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, आपल्याला नसतो. बाळ कारण न कळता रडत असेल तर मोजे काढून हातापायांची बोटे पाहावीत, आणि दोरा रुतलेला दिसला तर तडक दवाखाना गाठावा. (दुपटे अंगाखाली घालायचे, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असे पांघरायचे नाही, हेही ओघाने सांगून टाकते.)

भोसरी-चाकणकडे ज्यांच्या घरचे कोणी लेथवर उभे राहते, त्यांना सुट्या दोऱ्याचे भय नव्याने सांगायला नको. चालत्या यंत्राला हात घालणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत, असे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होते. आणि गंमत अशी, की त्याच लेथपाशी तेलाचे हात पुसायला जो सुताचा गुंता ठेवलेला असतो, ते ‘कॉटन वेस्ट’ म्हणजे गिरण्यांतल्या वाया गेलेल्या धाग्यांचाच पुंजका!

आता मुळाशी जाऊ. विणताना आडवा धागा काठापाशी वळून परत येतो, म्हणून काठाकडून लुगडे सुटत नाही. आपण ते टरकन फाडतो तिथे मात्र धाग्याला अडवणारे कोणी नसते. तेव्हा तुकडे मांडतानाच लुगड्याचा स्वतःचा काठ बाहेरच्या कडेला येईल असे पाहावे आणि फाडलेली कड चांगली बोटभर आत दुमडावी. नव्या कापडाला कमी दुमड चालते. विरलेल्याला नाही, तिथे टाका कडेच्या धाग्यांसकट निसटतो. आपल्याकडे पुष्कळ घरी शिवण कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत नेतात. कारवारकडच्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी अशीच शिवतात. कडा आधी बंद होतात, हे त्यातले शहाणपण.

दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने सुई ओवायचे कष्ट वाचतात, पण तो पिळवटतो, गुंततो आणि झिजून तुटतो. मेणाच्या खड्यावरून एकदा ओढला तर फारच छान. जुन्या सुती कापडाला दोराही सुतीच हवा. गाठ कापडावर मिरवू नये. सुई दोन थरांमध्ये घालून हलका हिसका द्यावा, गाठ टपकन आत जाते. शेवटी दोन बारीक उलटटाके, मग सुई थरांमधून बोटभर पुढे काढून दोरा कापडालगत कात्रीने कापावा. दाताने नव्हे!

आणि ज्या दशा आधीच निघाल्या आहेत त्यांचे काय? ओढू नका. लांब असेल ती सुईत ओवून आत घाला. आखूड असेल तर रिकामी सुई आधी कापडात अर्धी खुपसा, मग नेढ्यात दशी घाला आणि सुई ओढा. दशी आपोआप आत जाते. कड सगळीकडूनच सुटत असेल तर उरेब पट्टीचा गोट लावून मोकळ्या व्हा. पॉलिएस्टरच्या पातळाची कड ज्योतीवर धरून वितळवतात, ती युक्ती इथे नको. सूत जळेल, आणि वितळलेली कड बाळाला बोचेल ती वेगळीच.

या पट्ट्यात गोधडीला नावे तरी किती! १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि गावोगावची माणसे वळकट्या घेऊन इथे उतरली. कोल्हापूरकडच्यांची वाकळ, सीमाभागातली कौदी. आणि फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्यांच्या सिंधमध्ये ती रल्ली. कोणत्याही नावाची असो, दशा सगळीलाच.

दुपटे बाळाच्या अंगाला लागण्यापूर्वी दोनदा धुवावे. सैल धागे पहिल्या धुण्यातच डोके वर काढतात. वाळले की खिडकीत उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवावा. डोळ्यांना न दिसलेली दशी हाताला लागते. हे पुढेही दर धुण्यानंतर करावे.

दुसऱ्या लुगड्याचा जरीचा काठ दुपट्याला लावू का, असेही पत्रात विचारले आहे. नको. जरीची तार सुटते आणि टोचते. तो काठ लेकीच्या गोधडीला लावा, मधोमध, जिथे तिचा हात जाईल.