उतारवयातील बिऱ्हाड

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही गावे वाढली ती नोकरीसाठी आलेल्या तरुणांच्या जोरावर. गिरगाव-परळच्या चाळींत जागा पुरेनाशी झाली, कोकणातून व देशावरून मुलगे मुंबईस लागले आणि लोकलच्या सोयीने येथे बिऱ्हाडे थाटली गेली. ठाण्यात १९८२ साली व कल्याणात १९८३ साली महानगरपालिका आल्या. या तरुणांसाठी रस्ते, नळ, शाळा यांचा थोडाफार तरी विचार झाला. परंतु त्यांच्यामागून एक दुसरे स्थलांतर चालू आहे. गावी एकटे पडलेले आईवडील सत्तरीच्या घरात मुलाकडे राहावयास येतात, आणि त्यांची दखल कोणत्याही नियोजनात नाही.

या वृद्धांना कोणी टाकून दिलेले नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मुलगा आणि सून सकाळी सातची गाडी पकडतात व रात्री आठ-नऊला परततात. नातवंडे शाळा आणि शिकवणी यांत गुंतलेली. चिपळूणकडच्या अंगणात दिवसाकाठी दहा माणसांशी बोलणारी आई, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड बारा तास बसून राहते. गुडघे धरलेले असल्याने जिना उतरणे नको वाटते. उतरलीच, तर जायचे कोठे? ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत आणि त्यांचे काम चांगले आहे. तथापि त्यांत मुख्यत्वे याच गावात आयुष्य घालवलेले पेन्शनर रमतात. खेड्यातून नुकत्याच आलेल्या विधवेला तेथे परकेपणा वाटावा, यात नवल नाही.

आईवडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देतो, त्यासाठी न्यायाधिकरणेही नेमतो. पण त्याने गृहीत धरलेला दोष उपेक्षेचा आहे. येथे उपेक्षा नाही, वेळ नाही. वेळेची पोटगी कोणते न्यायाधिकरण देणार?

सरकारी मदतीची तऱ्हा आणखी निराळी. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारास दरमहा १,५०० रुपये मिळतात. परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य हवे. गावी एकटी राहणारी आई या मर्यादेत बसते. मुलाच्या कुटुंबात तिची गणना झाली की ती बाहेर पडते. मुलगा साधा कारकून असला तरी त्याचे उत्पन्न २१,००० च्या किती तरी पुढे असते. म्हणजे म्हातारीच्या हाताशी असलेला स्वतःचा पैसा, ज्यावर नातवाला खाऊ देण्याचा तिचा मान टिकून होता, तोच स्थलांतराने जातो. बेळगावहून डोंबिवलीस आणलेल्या आईची गोष्ट तर विलक्षणच. सीमाभाग आमचा, असे आपण वर्षानुवर्षे म्हणतो. तेथली मराठी आई येथे आली की या योजनेच्या लेखी १५ वर्षे उपरी ठरते.

हे काम मुलांचे, पालिकेचे नव्हे, असे म्हणणारे म्हणतील. मुलाला दिवसभर लोकल आणि कचेरी यांच्या स्वाधीन करणारी व्यवस्था मात्र एकट्या मुलाने उभी केलेली नाही. केरळने २००८ च्या उपशामक सेवा धोरणाने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठवण्याचे काम स्थानिक संस्थांकडे दिले. ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या पालिकांकडे दवाखाने आहेत, शाळांच्या इमारती आहेत. प्रत्येक प्रभागात तळमजल्यावरच्या दोन खोल्या सकाळी नऊ ते सायंकाळी सहा उघड्या ठेवाव्यात. तेथे रक्तदाब पाहणारी परिचारिका असावी, आणि आठवड्यातून दोन दिवस एक कारकून बसवावा, जो गावाकडचे दाखले, शिधापत्रिकेवरील नाव, हयातीचा दाखला ही कामे जागेवर करून देईल. उत्पन्नाची व वास्तव्याची अट बदलणे राज्य सरकारच्या हाती आहे. वृद्धेचे उत्पन्न तिचे स्वतःचेच धरावे, एवढी दुरुस्ती झाली तरी पुष्कळ. खोल्या उघडण्यासाठी मात्र पालिकांना मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नाही.