'हो' म्हणा आणि पुढे चला!

मंडळी, आज जरा भांडायच्या बेतात आहे. भाचा हे वाचतो, त्यानेही वाचावंच.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाला परगावी गेलो होतो. लॉजवर उतरलो, लॅपटॉप तिथल्या वायफायला जोडला, तर कडेला एक खिडकी उघडली. या नेटवर्कवरच्या इतर संगणकांना तुमचा संगणक दिसू द्यायचा का? हो की नाही? भाच्याला फोन लावला. "मामा, हो म्हणा आणि पुढे चला. तुम्ही कशाला डोकं शिणवताय?" म्हटलं हो.

घरी आल्यावर खोलात गेलो. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये त्या 'हो'चा अर्थ होता खासगी नेटवर्क, आणि 'नाही'चा सार्वजनिक. खासगी म्हणजे आजूबाजूची यंत्रं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना मी दिसलो तर हरकत नाही. सार्वजनिक म्हणजे परक्यांत बसलोय, मला झाकून ठेव. मुलीला फोटो देण्यासाठी मी एक फोल्डर खुला ठेवला होता, त्यात पेन्शनचे कागदही होते! चोरी झाली नाही. पासवर्ड आडवा असतो म्हणा. पण लॉजभर परक्यांत मी 'हे सगळे घरचेच' असं सांगून मोकळा झालो होतो, त्याचं काय?

आता शब्दांकडे बघा. 'सार्वजनिक' निवडलं की संगणक लपतो, 'खासगी' निवडलं की तो दिसतो! जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला हे उलटंच वाटणार. हे विशेषण संगणकाचं नसून जागेचं आहे, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर पुरलं असतं.

भाचा म्हणतो, आता विंडोज ११ नव्या नेटवर्कला आपणहून सार्वजनिकच धरतं, मग वाद कशाला? वाद आहे. कारण घरी त्यामुळेच एका संगणकाला दुसरा दिसत नाही, मग पुन्हा फोन, पुन्हा "खासगी करा मामा". आणि ही निवड प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी असते. घरी केलेलं खासगी लॉजवर लागू होत नाही, व्हायलाही नको. पण हे ज्याला माहीत नाही तो लॉजवरही सेटिंग्जमध्ये जाऊन तेच करणार.

माझा राग खिडकीवर थोडा, 'हो म्हणा'वर जास्त आहे. वर्गात उत्तर पुरवणारा मुलगा सगळ्यांचा लाडका असतो, पण परीक्षेला तो शेजारी नसतो. आम्हा म्हाताऱ्यांना संगणक लावून देणारी तुम्ही मुलं नेमकं हेच करता. आम्हाला कळणार नाही हे आधीच ठरवता, आणि न कळण्याची सोयही तुम्हीच करून ठेवता. उद्या बँकेच्या नावाने कोणी फोन केला आणि म्हणाला "हो म्हणा", तर आम्ही काय म्हणणार? सवय तुम्हीच लावलीत ना?

तेव्हा पुढच्या वेळी दोन मिनिटं जास्त द्या. खिडकी काय विचारतेय ते सांगा, आणि बटण आम्हाला दाबू द्या. चुकलो तर चुकू. फळ्यावर चुकल्याशिवाय कोणी गणित शिकलंय का?

असो. भाचा रागावला असेल तर रविवारी जेवायला ये. वायफाय घरचं आहे, खासगी.