संमोहन : जादू नव्हे, उपचार

'संमोहन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जादूगार उभा राहतो. त्याने नजर रोखली की समोरच्या माणसाचे बाहुले झाले! आपल्या मालवणी मुलखात ही भीती अधिकच, कारण नजर लागणे, बाधा होणे यांवर येथे आजही पुष्कळांचा विश्वास आहे.

पण ही समजूत खोडून काढणारा माणूस आपल्या शेजारचाच होता, हे कितीजणांना ठाऊक आहे? तेरेखोलपलीकडे गोव्यात, बारदेशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले आबे फारिया हे पाद्री पुढे पॅरिसला गेले. १८१३ साली त्यांनी तेथे लोकांसमोर प्रयोग सुरू केले. झोपविणाऱ्याच्या अंगातून चुंबकीय प्रवाह निघून रोग्यात शिरतो, असे मेस्मेरचे अनुयायी तेव्हा मानीत. फारियांनी ते साफ नाकारले. शक्ती झोपविणाऱ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे, असे त्यांचे म्हणणे. पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ साली ते निवर्तले. पुढे शास्त्राने मात्र त्यांच्याच बाजूने कौल दिला. आज पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा उभा आहे.

या विचाराचे मोल मला आमच्या वाडीत कळले. एका काकींचा मुलगा समुद्रात बुडाला. त्यांची झोप उडाली, छाती धडधडू लागली. घाड्याने बाधा सांगितली. कोंबडे, नारळ, अंगारे यांत वर्षाची मिळकत गेली. 'माझ्या बळाने तू बरी होशील,' असे तो म्हणे. काकींचे स्वतःचे बळ कोणी विचारातच घेतले नाही.

वेदना, चिंता, आतड्यांच्या काही तक्रारी यांवर प्रशिक्षित तज्ज्ञ संमोहनाचा उपयोग करतात. रोगी बेशुद्ध नसतो. त्याचे मन एकाग्र झालेले असते आणि न पटणारी सूचना तो नाकारू शकतो. मात्र हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. त्यासाठी चालू औषधे सोडू नयेत. संमोहनात आठवलेले सारे खरेच असते असेही नाही. 'एका बैठकीत सर्व व्याधी दूर' अशी जाहिरात करणारा आणि घाडी यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून वाडीतली माणसे मला विचारतात. मित्रमैत्रिणींनो, तुम्हालाही विचारीत असतील. तेव्हा त्यांच्या श्रद्धेची थट्टा करू नका. त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा, 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

— द्वितीय वर्ष, कला