कानात नको, उघड बोलूया



"तुला काय वाटतं ते घरात बोल ना, फेसबुकवर कशाला टाकतेस?" 2025 च्या चातुर्मासापासून हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आज एकदाच सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

विषय होता दादरच्या कबुतरखान्याचा. त्या वर्षी जुलैअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने कबुतरांना बेकायदा दाणे घालणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली आणि 6 ऑगस्टला जमावाने ती फाडली. त्या गर्दीत आपल्या समाजाच्या बायकाही होत्या, हे सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने स्पष्ट केलं की कबुतरखाने बंद करायचा आदेश आमचा नव्हता, पण प्रश्न लोकांच्या आरोग्याचा आहे आणि तो तज्ज्ञांनी तपासायला हवा. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला.

तेव्हा मी माझ्या नावाने लिहिलं होतं, की जीवदया हा आपल्या धर्माचा प्राण आहे, पण ताडपत्री फाडणं ही जीवदया नाही. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, असं छातीचे डॉक्टर सांगतात. मग कबुतरखान्यासमोर राहणाऱ्या दमेकरी आजींचा जीव जीवदयेत धरायचा की नाही? शेवटी एक कडू वाक्यही होतं: पिंपळे सौदागर, वाकड, मोशीच्या टॉवरमधल्या आपल्याच घरांच्या किती गॅलऱ्यांना कबुतरजाळी लावलेली आहे ते आधी मोजा, मग दादरकरांना शिकवा.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. काहींनी मला ग्रुपवर "धर्मद्रोही" म्हटलं. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी फोन केला, पण मला नाही, माझ्या मिस्टरांना. आणि बऱ्याच जणींनी वेगळा मेसेज करून कळवलं, "अगदी बरोबर लिहिलंस गं, पण मी तिथे काही म्हणू शकत नाही." त्याच जणींनी ताडपत्री फाडल्याचं कौतुक करणाऱ्या मेसेजखाली हात जोडल्याचं चित्र टाकलेलं मी पाहिलं होतं.

म्हणूनच मी उघड लिहिते.

आपण प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणतो. त्यात मृषावाद एकदा दुसऱ्या क्रमांकावर येतो, आणि सतराव्या क्रमांकावर मायामृषावाद वेगळा येतो, म्हणजे कपटाने बोललेलं खोटं. मनाला पटलेलं नसताना चारचौघांत बरं दिसावं म्हणून हात जोडायचे, हे त्यापासून फार लांब आहे का? चौदावं पैशुन्य, म्हणजे चहाडी. त्यातच परपरिवाद, म्हणजे दुसऱ्याची निंदा. मतभेद उघड मांडायचे नाहीत असा नियम केला की ते नाहीसे होत नाहीत. ते स्थानकाबाहेर चपला घालताना, हळदीकुंकवाला, जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात कुजबुजत राहतात. तिथे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस उत्तर द्यायला हजर नसतो. उघड लिहिलेल्याला तो उत्तर देऊ शकतो. माझं म्हणणं कच्चं असेल तर चारशे जणींसमोर खोडून काढू शकतो. मला हा मार्ग जास्त सरळ वाटतो.

दुसरं कारण आपल्या संख्येचं. 2011 च्या जनगणनेत देशभरात आपण सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होतो, त्यातले चौदा लाख महाराष्ट्रात. एवढ्या लहान समाजातल्या ज्याचा आवाज मोठा, त्याचं मत तेच "जैनांचं मत" म्हणून बातमीत जातं. आपण गप्प बसलो तर आपलं गप्प बसणंही त्याच्याच खात्यावर जमा होतं. मग सोसायटीतली शेजारीण लिफ्टमध्ये विचारते, "तुमच्या लोकांना माणसांपेक्षा कबुतरं मोठी का हो?" जैनांमध्येही दोन मतं आहेत हे तिला कोणी सांगायचं? ते कुठेतरी लिहिलेलं, नाव घालून लिहिलेलं असायला हवं.

"पण समाजाची धुणी चव्हाट्यावर कशाला?" हा आक्षेप मला समजतो. तरी एक आठवण करून देते. भगवती सूत्रात कौशांबीच्या जयंती श्राविकेची कथा आहे. राजघराण्यातली बाई. तिने प्रत्यक्ष भगवान महावीरांना एकामागून एक प्रश्न विचारले. त्यातला एक असा, की जीवांचं झोपलेलं असणं चांगलं की जागं असणं? भगवंतांनी तिला "बाईने एवढं विचारू नये" असं म्हटलं नाही. अधर्मी जीवांचं झोपणं चांगलं, धर्मी जीवांचं जागणं चांगलं, असं दोन्ही बाजूंचं उत्तर दिलं. अनेकांत म्हणतात तो हाच. तो शिकायला आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि आपल्या आगमाने प्रश्न विचारणाऱ्या बाईचं नाव जपून ठेवलंय.

भीती खरी आहे, ते मी नाकारत नाही. 2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली होती, त्यातल्या एकीने तर पोस्टला फक्त लाइक केलं होतं. ज्या 66अ कलमाचा तिथे वापर झाला ते 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तरी मे 2025 मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या 19 वर्षांच्या मुलीला इन्स्टाग्रामवरच्या पोस्टसाठी तुरुंगात जावं लागलं. पोस्ट तिने काढून टाकली होती, तरी कॉलेजनेही तिचं नाव कमी केलं. 27 मे रोजी उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली. आपल्याही मुली त्याच वयाच्या आहेत, काळजी वाटणारच. पण या काळजीपोटी आपण मुलींना "काही लिहू नको" एवढंच शिकवतो. कसं लिहावं हे कोणी शिकवत नाही.

खरं तर आपल्याला ते शिकायला बाहेर जायचीही गरज नाही. सत्य अणुव्रताचे अतिचार आपल्याला पाठ आहेत. विचार न करता कोणावर आरोप करणं. कोणाचं गुपित फोडणं. कूटलेख, म्हणजे खोटा लेख तयार करणं. मोबाइल येण्याच्या कित्येक शतकं आधी आपल्याला फॉरवर्डचे नियम मिळालेत! मी लिहिताना तेच बघते. बातमी तपासलेली आहे का? मी कृतीबद्दल बोलतेय की माणसाबद्दल? कोणाच्या घरातली गोष्ट तर बाहेर काढत नाही ना? रागात लिहिलेलं असेल तर आधी एक सामायिक, मग पोस्ट. अठ्ठेचाळीस मिनिटांत अर्धी वाक्यं आपोआप गळतात, असा माझा अनुभव आहे.

आणि "हित, मित, प्रिय बोलावं" असं मला ऐकवणाऱ्या ताईंना एवढंच म्हणेन, की त्यात हित सगळ्यांत आधी येतं. मुलाला ताप असताना काढा कडू आहे म्हणून आपण तो ओतून देत नाही, चमचाभर गूळ घालून पाजतो.

कबुतरांबद्दलचं माझं मत तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. दाणे घालणं हा कोणाचा तीस वर्षांचा नेम असेल, तो मोडताना जीव तुटत असेल, हेही खरं आहे आणि तेही कोणीतरी लिहायला हवं. फक्त मला एकटीला मेसेज करून सांगू नका. पटलं असेल तरी आणि नसेल तरी, सगळ्यांसमोर आपल्या नावाने लिहा. मी उत्तर देईन, आणि मिस्टरांना फोन करण्याची गरज पडणार नाही.

जय जिनेंद्र.