समुद्रात रेंज मिळते का, बॉस?

अंधेरीत चार बंगल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र आहे. रिक्षा तिथे सिग्नलला अडकली की माझ्या डोक्यात हमखास एकच प्रश्न येतो : पाण्याखाली रेंज मिळते का? उत्तर आहे, मोबाइलची नाही, आवाजाची मिळते!

खाऱ्या पाण्यात मोबाइलच्या लहरी लगेच विरतात. आवाज मात्र सुसाट. हवेत तो सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, समुद्रात तब्बल 1500. म्हणून मासेमारी बोटीच्या तळाशी फिश फाइंडर बसवतात. तो खाली आवाज सोडतो आणि आलेल्या प्रतिध्वनीचं स्क्रीनवर चित्र काढतो. बरेचदा ऑप्शन दोन असतात, 50 किलोहर्ट्झ किंवा 200. आपले कान 20 लाच हात टेकतात, त्यामुळे दोन्ही आपल्याला ऐकू येत नाहीत.

200 ची लहर जेमतेम साडेसात मिलिमीटरची, 50 ची तीन सेंटिमीटरची. लहर बारीक तितकं चित्र स्वच्छ. मग सगळे 200 च का वापरत नाहीत? कारण मीठ! साधं मीठ नाही हं, समुद्रात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट. ते उंच आवाजाची ताकद शोषून तिची उष्णता करून टाकतं. हाच आवाज पवई तलावाच्या गोड पाण्यात इतका दमणार नाही. गणपतीतला डीजे आठवा. लांबच्या बिल्डिंगमध्ये फक्त बासची धडधड पोचते, वरचे बारीक सूर वाटेतच गळतात. समुद्रातही तसंच. देवमाशाची खर्जातली हाक शेकडो किलोमीटर जाते, 200 किलोहर्ट्झ एक किलोमीटरही धड जात नाही.

आपलं नशीब म्हणजे मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हायलाही खोली साधारण 75 मीटरच. आवाज तळापर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. इथे 200 मस्त चालतं. पण त्याचा झोत अरुंद, बोटीखालचा छोटासाच तुकडा दिसतो. 50 ला पट्टा मोठा, चित्र धूसर. खोल समुद्रात गेलात तर 50 शिवाय गत्यंतर नाही. चुकीचा ऑप्शन म्हणजे डिझेल जळालं आणि जाळं रिकामं.

तेव्हा रविवारी वर्सोव्याला सुरमई घ्याल तेव्हा मावशींशी भाव जरा बेतानेच करा. त्या किमतीत हे शोधाशोधीचं डिझेलही आहे.