शिक्षा संपली, तरी दार बंद

डिसेंबर २०१८मध्ये कॅनडाने दारू पिऊन वाहन चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचवरून दहा वर्षांवर नेली. बदल फौजदारी कायद्यातला. घाव मात्र स्थलांतरितांवरही बसला. दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकणारा गुन्हा तिथल्या स्थलांतर कायद्याच्या कलम ३६नुसार ‘गंभीर’ ठरतो आणि परदेशातला गुन्हाही कॅनडाच्याच मापाने मोजला जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी कमाल सहा महिने कैद वा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. नुसता दंड भरून सुटलेला पुणेकरही, रक्तातले मद्य कॅनडाच्या मर्यादेइतके असेल तर, तिथे गंभीर गुन्हेगार ठरून प्रवेशाला मुकू शकतो. पूर्वी एकाच गुन्ह्यानंतर, शिक्षा संपून दहा वर्षे नीट गेली की माणूस आपोआप सुधारलेला मानला जाई. नव्या गुन्ह्यांसाठी ती वाट उरलेली नाही.

मद्यधुंद चालक जीव घेतात आणि कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणे हा यजमान देशाचा हक्कच आहे, यात वाद नाही. शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, असेही सांगितले जाते. पण तो मंजूर करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि जुने न्यायालयीन कागद मिळवण्याचा भार अर्जदारावर. कोणालाही इजा न झालेल्या एकमेव गुन्ह्यापुरती तरी कॅनडाने दहा वर्षांची जुनी तरतूद परत आणावी. वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठी आजची कडक अट राहू द्यावी.